तीन कमानींची खूण आणि आपली घाई

नाशिकजवळील जोगलटेंभी येथे 1906 साली क्षत्रप नहपानाच्या 13,000 हून अधिक चांदीच्या नाण्यांचा संचय सापडला. त्यांपैकी 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. एका बाजूस त्याच्या नावासह एकावर एक रचलेल्या तीन कमानी, दुसऱ्या बाजूस चार वर्तुळे जोडलेली फुली, जिला अभ्यासक ‘उज्जैन चिन्ह’ म्हणतात.

या तीन कमानी म्हणजे काय? आपल्यातील अनेकजण तत्काळ ‘स्तूप’ म्हणतात. दुसरे कोणी ‘पर्वत’ म्हणतात. आमचे मत असे की, या प्रश्नात आपण घाई करू नये. नाण्यावर राजाचे नाव आहे, खुणेचे नाव नाही. हीच खूण सातवाहनांचे प्रतिस्पर्धी क्षत्रपही वापरीत. शिवाय नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्राचा गौरव ब्राह्मण म्हणून आहे आणि तेच लेणे भिक्षुसंघाला दान दिलेले आहे. तो काळ आपल्या आजच्या चौकटींत सहज बसत नाही.

युरोपातील केल्ट लोकांनी मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपचे सोन्याचे नाणे नकलले. पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होता होता त्यावरील मुख आणि रथ विरघळून वर्तुळे, चंद्रकोरी व सुटे झालेले घोडे उरले. त्यांचा अर्थ सांगणारा लेख मागे राहिला नाही, म्हणून आजही तर्कच चालतात. उलट कनिष्काच्या सुवर्णनाण्यावर उभ्या मूर्तीशेजारी ग्रीक अक्षरांत ‘बोद्दो’ असे कोरले आहे. तेथे वादाला जागाच नाही. अक्षर असते तेथे खात्री असते.

आपल्या वारशाला तर्काच्या कुबड्यांची गरजही नाही. नहपानाचा जावई उषवदात याने 3,000 कार्षापण संघासाठी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. त्यांतील 2,000 वर दरमहा शेकडा एक व्याज. मुद्दल न मोडता त्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळत. हे नाशिकच्या लेण्यात दगडावर कोरलेले आहे. दात्यांच्या दानावर चालणाऱ्या वसतिगृहात जे वाढले, त्यांना या लेखाचे मोल वेगळे सांगावयास नको.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, विद्यार्थ्यांना ब्राह्मी, म्हणजेच आपण जिला धम्मलिपी म्हणतो, ती वाचावयास शिकवावी. चिन्हे पूजण्याआधी अक्षरे वाचता यावीत. दुसरी, कयाधूकाठी वा कोणत्याही गावच्या जुन्या पांढरीत नांगरताना नाणी सापडली, तर ती सोनाराकडे वितळावयास जाऊ नयेत वा देव्हाऱ्यात दडू नयेत. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. नाणे कोठे, कोणत्या थरात, कशासोबत सापडले यातच त्याचा अर्धा इतिहास असतो. वितळलेल्या नाण्याला काहीच सांगता येत नाही.

केवळ परंपरा सांगते म्हणून स्वीकारू नका, हा कालामांना केलेला उपदेश आपल्याला प्रिय वाटणाऱ्या समजुतींनाही लागू आहे. येथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या अंगी ही कसोटी यावी, हीच आमची मंगलकामना.