शेंड्याला आधार हवा

नाकाचा शेंडा बारीक करून घ्यायला निघालेली मुले-मुली डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतात तो ‘किती कमी होईल?’ हा. प्रश्नच चुकीचा आहे. विचारायला हवे ते हे, की आत शिल्लक काय ठेवणार?

नाकाच्या शेंड्यात हाड नसते. दोन्ही नाकपुड्यांना आकार देणाऱ्या दोन पातळ, लवचिक कूर्चा शेंड्यापाशी वळतात आणि मधल्या खांबात एकमेकींना भिडतात. अमेरिकी शल्यविशारद जॅक अँडरसन यांनी 1969च्या सुमारास या रचनेला तिपाईची उपमा दिली. दोन बाजूंना दोन पाय, आणि मधल्या खांबातल्या दोन पट्ट्या मिळून तिसरा. एक पाय आखूड केला की शेंडा त्या दिशेने कलतो. ही उपमा आजही शिकवतात, कारण शेंड्यावर केलेल्या प्रत्येक कापाचा हिशेब तिच्यातून लागतो.

विसाव्या शतकाचा बराच काळ हा हिशेब न मांडताच कापाकापी झाली. शेंडा रुंद दिसतो ना, मग कूर्चेचा वरचा भाग काढून टाका, फारच रुंद असेल तर वळणावरच छेद द्या. सहा महिन्यांत नाक सुरेख दिसे. मग आतले व्रण आकसत जात, आणि काही वर्षांनी शेंडा चिमटीत धरल्यासारखा होई, नाकपुडीची कड वर ओढली जाई आणि कूर्चेच्या टोकांचे उंचवटे त्वचेखालून डोकावू लागत. याहून वाईट म्हणजे जोरात श्वास घेतला की नाकपुडीची भिंतच आत खेचली जाई. अशा रुग्णाचा गाल बोटाने बाहेरच्या बाजूला हलकेच ओढला आणि त्याला एकदम मोकळा श्वास आला, तर आधार कमी पडतोय हे कळते. डॉक्टर हिला कॉटल चाचणी म्हणतात.

आज चांगले शल्यविशारद कूर्चा कापण्याआधी शिवतात. दोन नाकपुड्यांमधल्या खांबावर छोटा छेद घेऊन त्वचा वर उचलली की कूर्चेची दोन्ही वळणे उघडी दिसतात. त्यांतल्या एका वळणातून बारीक धागा आरपार नेऊन गाठ आवळत आणली की बोथट वळण डोळ्यांदेखत अरुंद होते. गाठ जास्त आवळली गेली तर टाका काढून पुन्हा घालता येतो. कापलेली कूर्चा मात्र परत जोडून पूर्ववत होत नाही. मग दोन्ही वळणे एका टाक्याने जवळ आणायची आणि मधल्या खांबात कूर्चेची पट्टी बसवून शेंडा उभा धरायचा. वरच्या कडेची थोडी कूर्चा आजही काढतात, पण खाली साधारण 6 ते 8 मिलिमीटर रुंदीची सलग पट्टी राखूनच. खांबासाठी लागणारी कूर्चा नाकाच्या पडद्यातून घेतात, आणि तिथेही पुढच्या व वरच्या कडेला किमान सेंटिमीटरभर चौकट ठेवावीच लागते. पडद्यात पुरेशी कूर्चा नसली तर कान, नाहीतर बरगडी.

आपल्याकडे हे जास्तच महत्त्वाचे आहे. आपल्यांतल्या पुष्कळांच्या शेंड्याची त्वचा जाड, तेलकट आणि खालची कूर्चा नाजूक असते. अशा नाकातली कूर्चा कापली तर जाड त्वचा आतल्या लहान सांगाड्यावर घट्ट बसत नाही. शेंडा खाली उतरतो, त्याच्या वर पोपटाच्या चोचीसारखा फुगवटा येतो आणि ज्या गोल नाकाला कंटाळून शस्त्रक्रिया केली ते अधिकच गोल दिसते. जाड त्वचेचे नाक रेखीव करायचे तर आतून भक्कम आधार देऊन शेंडा पुढे आणावा लागतो. चाफेकळी नाकाचा फोटो घेऊन येणाऱ्या मुलीला हे समजावून सांगायला वेळ लागतो, पण तो वेळ देणे हे डॉक्टरांचे कामच आहे. आणि तो फोटो तिचाच, हातभर अंतरावरून काढलेला असेल, तर तेही सांगितले पाहिजे. कॅमेरा 12 इंचांवर धरला तर 5 फुटांवरच्या फोटोपेक्षा नाक सुमारे 30 टक्के रुंद दिसते, असे अमेरिकेतल्या संशोधकांनी 2018 मध्ये गणित मांडून दाखवले आहे.

ही विद्या आपल्या मातीतली आहे, म्हणून थोडे मागे जाऊ. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. त्याला नवे नाक दिले ते पुण्याजवळच्या, विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने. ऑक्टोबर 1794च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या लंडनच्या मासिकात त्याचा वृत्तांत आला. मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक घडवायचे, तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ ओढायची आणि तेवढी त्वचा सोडवून भुवयांमधून खाली वळवायची. तो वाचून जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि तिथून ती युरोपभर गेली. त्या वृत्तांतातला एक तपशील आम्हाला फार मोलाचा वाटतो. दहाव्या दिवशी रुग्णाच्या नाकपुड्यांत मऊ कापडाचे तुकडे घालत, त्या उघड्या राहाव्यात म्हणून. पुण्याजवळच्या त्या अनाम कारागिराला श्वासाची वाट राखायची आठवण होती.

शस्त्रक्रियेनंतर शेंड्यावरची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागते, जाड त्वचेत त्याहूनही जास्त. तेव्हा लग्न दोन महिन्यांवर आले असताना शेंड्याला हात लावू नये, आणि लावू देऊ नये. बिघडलेला शेंडा दुरुस्त करणे पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी अवघड असते. पडद्यातली कूर्चा तोवर संपलेली असते आणि बरगडीला हात घालावा लागतो. पहिल्या भेटीत ज्यांनी नाकात दिवा टाकून पडदा पाहिला नाही, श्वास तपासला नाही आणि थेट संगणकावर बदललेला चेहरा दाखवून तारीख दिली, त्यांच्याकडे शस्त्रक्रिया करून घेऊ नका.