प्रेमाचे बेट आणि आमची ओसरी

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहात एका रात्री मोठा वाद झाला. विषय परीक्षेचा नव्हता आणि मेसमधल्या पातळ डाळीचाही नव्हता. माझ्या खोलीतील मैत्रीण मोबाईलवर ‘लव्ह आयलंड’ नावाच्या ब्रिटिश कार्यक्रमाचे तुकडे पाहत होती. शेजारच्या खोलीतल्या दोघीतिघी जमल्या. एक म्हणाली, “शी! काय हा निर्लज्जपणा!” दुसरी म्हणाली, “निदान ते उघड उघड तरी करतात.” बारा वाजून गेले तरी भांडण मिटेना. मी मात्र गप्प बसले होते. माझ्या आईवडिलांनी शाळेची पायरी चढलेली नाही. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. चारचौघींत आपले मत मांडण्याचा धीर मला जरा उशिरा येतो. तेव्हा राहिलेले बोलणे या वार्षिकांकात बोलून घेते. वाचकांनी गोड मानून घ्यावे.

प्रथम हा कार्यक्रम आहे तरी काय, ते सांगते. ७ जून २०१५ रोजी ब्रिटनमधील आयटीव्ही २ या वाहिनीवर तो सुरू झाला. त्याआधी २००५ आणि २००६ साली आयटीव्हीने फिजी येथे नामवंत मंडळींना घेऊन असाच एक प्रयोग केला होता. तो दोन वर्षांत आटोपला. पुढे नामवंत गेले आणि त्यांच्या जागी सामान्य तरुण-तरुणी आल्या. भूमध्य समुद्रातील मयोर्का या स्पॅनिश बेटावर एक बंगला, पोहण्याचा तलाव, जागोजागी कॅमेरे आणि प्रत्येकाच्या अंगावर मायक्रोफोन. बाहेरच्या जगाशी संबंध नाही. राहणाऱ्यांना तेथे ‘आयलंडर’ म्हणतात. आपण त्यांना बेटकरी म्हणू. बेटकऱ्यांनी जोडी जमवावयाची आणि टिकवावयाची. जो एकटा उरेल त्याच्या डोक्यावर घरी जाण्याची टांगती तलवार. प्रेक्षक मते देतात आणि शेवटी विजयी होणाऱ्या जोडीला ५० हजार पौंड मिळतात.

सुरुवातीला या कार्यक्रमाचा गाजावाजा बेताचाच होता. पण २०१७ च्या उन्हाळ्यात त्याने एकदम उसळी घेतली. २०१८ च्या मे महिन्यात त्याला ‘बाफ्टा’ हा मानाचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षीचा अंतिम भाग सुमारे ३६ लाख लोकांनी पाहिला. आयटीव्ही २ ही काही तेथील मुख्य वाहिनी नव्हे, तरुणांसाठी काढलेली धाकटी वाहिनी. तिच्या दृष्टीने हा विक्रम होता. पुढे जर्मनी, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा अनेक देशांनी आपापली बेटे वसविली.

हे यश कशामुळे मिळाले? माझ्या मते त्याचे एक कारण अगदी साधे आहे. उन्हाळ्यात जवळजवळ रोज रात्री नऊ वाजता हा कार्यक्रम लागे आणि आदल्या दिवशी घडलेले त्यात दिसे. दुसऱ्या दिवशी कचेरीत, बसमध्ये, महाविद्यालयात बोलावयास विषय तयार. कोण राहावे, कोण जावे याचा कौल प्रेक्षकांनी मोबाईलवरून द्यावयाचा. आपल्याकडे गावात एखादे लग्न मोडले की आठ दिवस पारावर दुसरा विषय नसतो, तसा तो सारा देश जणू एका पारावर येऊन बसला. पारावर बसणाऱ्यांना दुसऱ्याच्या घरातले बघावयास आवडते, आणि त्यावर निकाल देण्यास तर अधिकच आवडते! मराठी घरांनाही ही गोडी अपरिचित नाही. युरोपातून आलेल्या ‘बिग ब्रदर’चा मराठी अवतार ‘बिग बॉस मराठी’ २०१८ पासून आपणही पाहिलाच आहे.

दुसरे कारण मात्र विचार करावयास लावणारे आहे. २०१८ साली ब्रिटिश वृत्तपत्रांत एक बातमी गाजली. त्या वर्षी या बेटावर जाण्यासाठी सुमारे ८५ हजार अर्ज आले होते, तर ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांकडे मिळून सुमारे ३७ हजार! हे वाचून मला प्रथम राग आला. ज्या विद्यापीठांची नावे आपण पुस्तकात भक्तिभावाने वाचतो, त्यांच्या दारापेक्षा पोहण्याच्या तलावाकाठी जास्त गर्दी? पण नंतर वाटले, रागावणारी मी कोण? २०१९ मध्ये या स्पर्धेत दुसरी आलेली मॉली-मे हेग २०२१ मध्ये कपड्यांच्या एका मोठ्या कंपनीत सर्जनशील संचालकपदी जाऊन बसली. ज्या मुलाला आपल्या घरापासून ऑक्सफर्डपर्यंत वाट दिसत नाही, पण घरापासून या बेटापर्यंत दिसते, तो शिडी समजून तीच धरणार. शिडी चुकीची असेल. वर जाण्याची इच्छा चुकीची म्हणता येणार नाही. मीही एक शिडी चढतेच आहे.

आता वसतिगृहातल्या वादाकडे वळते. हा कार्यक्रम वाईट का? कपडे तोकडे म्हणून? मुले-मुली एकत्र राहतात म्हणून? मला तसे वाटत नाही. पोहण्याच्या तलावाकाठी कोणी नऊवारी नेसून बसत नाही. शिवाय या कार्यक्रमातून काही चांगली चर्चाही झाली. २०१८ मध्ये एका तरुणाने आपल्या जोडीदारणीला दुखावले आणि वर तिलाच वेडी ठरविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ‘विमेन्स एड’ या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेने जाहीर निवेदन काढून अशा वागण्यापासून सावध राहण्यास सांगितले. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. प्रारंभीच्या वर्षांत शेवटच्या क्षणी विजयी जोडीपैकी एकाच्या हाती बक्षिसाची रक्कम येई आणि वाटून घेणार की एकट्यानेच घेणार, असे त्याला विचारले जाई. ब्रिटनमध्ये एकानेही सारे पैसे एकट्याने घेतले नाहीत. म्हणजे इतक्या कॅमेऱ्यांपुढेही माणसातले माणूसपण मेलेले नव्हते.

मग माझा आक्षेप कशाला आहे? माझा आक्षेप आहे तो तेथील निवडीला.

बेटावर सारे जण म्हणतात, ‘मी माझ्या मनाने निवडले.’ पण नियम काय सांगतो? निवड, नाहीतर चालता हो! ज्या घरात कोणालाच न निवडण्याची सोय नाही, त्या घरातील निवडीला स्वातंत्र्य कसे म्हणावे? जोडी जमून स्थिर होऊ लागली की नवे देखणे चेहरे आत सोडतात. २०१७ पासून तर ‘कासा आमोर’ नावाचे दुसरे घर काढले. जोड्या फोडून मुलांना एकीकडे, मुलींना दुसरीकडे ठेवावयाचे आणि दोन्हीकडे नवे मोह पाठवावयाचे. २०१८ मध्ये डॅनी डायर या तरुणीला तिच्या मित्राची अर्धवट चित्रफीत पाठवून रडविण्यात आले. त्या वेळी ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेकडे अडीच हजारांहून अधिक तक्रारी गेल्या. पुढे तीच जोडी विजयी झाली, हा भाग वेगळा. पण तिचे अश्रू कोणाच्या तरी आखणीतून आले होते, आणि लोकांनी ते जेवता जेवता पाहिले.

याची किंमत काय, ते पुढे दिसू लागले. २०१८ आणि २०१९ मध्ये या कार्यक्रमातील दोन माजी बेटकऱ्यांनी आपले जीवन संपविले. १५ फेब्रुवारी २०२० रोजी सुरुवातीपासून निवेदन करणाऱ्या कॅरोलाइन फ्लॅक यांचाही वयाच्या ४० व्या वर्षी तसाच अंत झाला. प्रत्येक मृत्यूमागची कारणे निरनिराळी आणि गुंतागुंतीची असतात. सारा दोष एका कार्यक्रमाच्या माथी मारणे योग्य नाही. परंतु प्रश्न उभा राहिलाच. २०१९ मध्ये तेथील संसदेच्या समितीने वास्तवदर्शी म्हणविणाऱ्या अशा कार्यक्रमांची चौकशी सुरू केली. आयटीव्हीने त्याच वर्षी बेटावरून परतणाऱ्या प्रत्येकाला मानसोपचाराची किमान आठ सत्रे देऊ केली. एप्रिल २०२१ पासून सहभागी माणसांच्या काळजीबाबत ऑफकॉमचे नवे नियम लागू झाले. नियम झाले हे चांगलेच. पण प्रेमात पडून आल्यावर आठ वेळा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याची तरतूद करावी लागते, तेव्हा त्या प्रेमाच्या बाजारात काहीतरी मुळातच चुकले आहे, असे मला वाटते.

आणि आता जी गोष्ट माझ्या मनाला सर्वांत जास्त लागली, ती सांगते. सुरुवातीच्या वर्षांत पहिल्या दिवशी मुली ओळीने उभ्या राहत. एकेक मुलगा येई. ज्या मुलीला तो आवडला तिने एक पाऊल पुढे टाकावयाचे; मग त्याने निवडावयाचे. पाऊल पुढे न टाकलेल्या मुलीलाही तो निवडू शकत असे. एक शब्दही नीट बोलणे झालेले नसताना ही निवड होई. कृष्णवर्णीय मुली या ओळीत बहुधा शेवटी उरतात, अशी टीका तेथे वर्षानुवर्षे होत आली. २०२४ च्या उन्हाळ्यात मिमी न्गुलुबे आणि जॉश ओयिन्सान ही कृष्णवर्णीय जोडी प्रथमच विजयी झाली. त्यासाठी नऊ वर्षे जावी लागली.

ती ओळ मी मोबाईलवर पाहिली आणि मला आमची ओसरी आठवली. माझ्या ताईला गेल्या दोन वर्षांत पाच ठिकाणचे लोक पाहून गेले. दर वेळी आई ओसरी सारवते, शेजारून कपबश्या मागून आणते. ताई चहा घेऊन येते, खाली मान घालून बसते. “उंची किती?” “शिक्षण कितवीपर्यंत?” “जरा चालून दाखव बरं.” एकदा एका बाईंनी तिची बाही वर करून दंडाचा रंग पाहिला. आणि जाताना सारे एकच शब्द ठेवून जातात, “कळवतो.” त्यानंतर आबा आठ दिवस पोस्टमनची आणि फोनची वाट पाहतात. अद्याप कोणी काही कळविलेले नाही. ताई सावळी आहे, एवढेच आम्हाला कळले.

दिवाळीच्या सुट्टीत मी ताईला तो तुकडा दाखविला. वाटले, ती तोंडाला पदर लावून हसेल. ती हसली नाही. मोबाईल परत देत म्हणाली, “त्या पोरी आपल्या पायानं तिथं गेल्या गं. मला कुणी विचारलं का, बसायचंय का म्हणून?”

मी निरुत्तर झाले. तेव्हा ‘त्यांची संस्कृती वाईट आणि आपली थोर’ असे म्हणणाऱ्या मैत्रिणींना माझी नम्र विनंती आहे की, एकदा आपल्या ओसरीकडेही पाहावे. आणि ‘त्यांचे सारे मोकळे, आपले सारे बुरसटलेले’ म्हणणाऱ्यांनी ती ओळ पुन्हा एकदा पाहावी. दोन्हीकडे माणूस बघितला जातो, त्याला ओळखून घेतले जात नाही. फरक एवढाच की तेथे लाखो डोळे आहेत आणि येथे पाच-सहा. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, असे आपण म्हणतो. तरी आयुष्याचा जोडीदार मात्र दिसण्यावरच ठरवितो!

याच ब्रिटनमध्ये १९८५ ते २००३ या काळात ‘ब्लाइंड डेट’ नावाचा एक कार्यक्रम होता. सिला ब्लॅक ही गायिका तो चालवीत असे. त्यात मध्ये एक पडदा असे. पडद्याआड तीन जण बसत आणि अलीकडे बसलेली मुलगी किंवा मुलगा त्यांना प्रश्न विचारी. केवळ उत्तरे ऐकून एकाची निवड व्हावयाची आणि मगच पडदा सरकावयाचा. तोही करमणुकीचाच खेळ, त्यातही थट्टामस्करी फार. त्याला मी आदर्श म्हणत नाही. पण त्या पडद्याने एक गोष्ट साधली होती. निवडणाऱ्याला आधी बोलावे लागे, ऐकावे लागे. त्याच देशाने पुढे पडदा काढून टाकला, कॅमेरे वाढविले आणि प्रश्न कमी केले. याला प्रगती म्हणावे का, याचा विचार आपल्यासारख्या शिकणाऱ्या मुलामुलींनी करावयास नको का?

मला स्वतःला हा विचार टाळता येण्यासारखा नाही. “परीक्षा झाली की तुझंही बघायला लागू,” असे आबांनी परवाच फोनवर सांगितले. आबांचा राग मला येत नाही. त्यांना काळजी आहे आणि त्यांना हीच एक रीत ठाऊक आहे. पण मी ठरविले आहे. आधी ताईला विचारावयाचे की पुढच्या वेळी तिला बसावयाचे आहे की नाही. तिने हो म्हटले तर मी तिच्याशेजारी बसेन. समोरच्याला ताईही चार प्रश्न विचारील, अशी गळ आबांना घालीन. आणि माझी वेळ येईल तेव्हा पदवी पूर्ण होण्याआधी मी ओसरीवर चहा घेऊन येणार नाही, हेही त्यांना समजावून सांगेन. आबा रागावतील. कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. पण मला महाविद्यालयात पाठविताना साऱ्या भावकीचा विरोध पत्करणारे तेच होते. ते ऐकतील, अशी मला आशा आहे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला