ग्रुप नसला म्हणून काय?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली, आता परभणीच्या कॉलेजात बी.ए. प्रथम वर्षाला. रोज एसटीने ये-जा. बसल्याबसल्या म्हणाली, "आपा, मला कॉलेज सोडायचंय."

अभ्यास जड जात नव्हता. वर्गात मुलींचा एक ग्रुप होता. वाढदिवसाला वर्गणी, एकसारखे ड्रेस, कॅन्टीनमध्ये ठरलेलं टेबल. हिच्याकडे वर्गणीला पैसे नव्हते आणि मराठी बोलताना चूक होईल ही धास्ती. डबा एकटीच खायची.

मी विचारलं, "एनएसएसमध्ये नाव दिलंस?"

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांत २४० आणि एखाद्या खेड्यात सात दिवसांचं शिबिर. इथं कोणी कुणाला ग्रुपमध्ये घेत नाही. हाती फावडं किंवा झाडू आला की शेजारी कोणीतरी असतंच.

तिनं नाव दिलं, पण शिबिराला अब्बू तयार होईनात. सात रात्री घराबाहेर! मी घरी गेले. सोबत प्राध्यापिका कोण, मुलींची झोपायची सोय कुठं, जेवण, नमाज, सगळं त्यांनी विचारलं. विचारायलाच हवं. कॉलेजात जाऊन त्यांनी खात्री केली आणि मग होकार दिला.

शिबिरात चुलीपाशी ती बोलून गेली, "चहा उकळली." सगळ्या हसल्या, तीही हसली. रात्री एकीनं आपलं नाव उर्दूत लिहून मागितलं, मग बाकीच्याही वह्या घेऊन बसल्या.

कॅन्टीनमधलं ते टेबल आजही त्याच ग्रुपचं आहे. हिला आता त्याची गरज वाटत नाही. डबा खायला तिघी सोबत असतात.

माझ्या बी.एड.च्या वर्षी शेवटचा तास संपला की मी थेट बसस्टँड गाठायची. त्या वर्षातली एकही मैत्रीण आज माझ्याजवळ नाही. म्हणून सांगते, मुलींनो, एनएसएस नाही तर खेळ, वक्तृत्व, युवक महोत्सव, काहीतरी एक धरा. आणि पालकहो, फी भरताच तुमचं काम संपत नाही. शिबिराचं संमतीपत्र घरी आलं की चौकशी जरूर करा, पण समाधान झालं तर सहीही करा.