आधी हाताची वर्णमाला

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख मात्र मध्यप्रदेशातच राहिला; त्यामुळे त्या मुलखातल्या तिगावचे मूल घरी मराठी बोलते आणि सरकारी दप्तर हिंदीत चालते.

अशा बालकाच्या हाती पेन्सिल देऊन ‘अ’पासून क्रमाने अक्षरे गिरवून घेणे हा, माझ्या मते, निव्वळ जुलूम होय, कारण वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांप्रमाणे, म्हणजे कानासाठी, लावलेला आहे, आणि ‘अ’सारखे वळणावळणाचे अक्षर कोवळ्या बोटांना प्रथमच पेलणे दुरापास्त असते. त्याऐवजी ग, म, न ही उभ्या दांडीची अक्षरे आधी घेतली, तर एवढ्या तीन अक्षरांतच ‘गगन’ आणि ‘नमन’ लिहून होतात. शिक्षणतज्ज्ञ माँटेसोरीबाईंनी खरखरीत कागदाची अक्षरे बोटांनी गिरवायला दिली. १९४५ साली बोर्डीला बालवाडीचे कार्य आरंभणाऱ्या ताराबाई मोडकांनी खेड्यात मिळेल त्या साहित्यावर भागवले. तिगावात मातीला तोटा नाही; अक्षरे आधी तीतच बोटाने गिरवावीत.

हिंदी बाराखडीच्या तक्त्यात सहसा न आढळणारा ‘ळ’ अंगणवाडीताईंनी आणि पालकांनी पाटीवर अवश्य काढून द्यावा. ‘बाळ’, ‘फळ’, ‘नळ’ हे शब्द मुलाच्या रोजच्या बोलण्यातलेच आहेत.