कीटण काढणारी कुठे आहे?

आज २० मार्च, जागतिक मौखिक आरोग्य दिन. दिंडोरीत सध्या द्राक्षांची काढणी ऐन भरात. दातांकडे बघायला सवड कुणाला? तरी शाळांत बॅटरीच्या उजेडात तोंडे तपासली जातील, ब्रश वाटले जातील, फोटो निघतील. आम्हाला आठवण होते ती कायद्यात नाव असलेल्या, पण तालुक्यात कुणी न पाहिलेल्या डेंटल हायजिनिस्टची.

१९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने तिची व्याख्या केली आहे: दातांवरचे कीटण काढणारी, दात स्वच्छ करणारी किंवा ते कसे राखावेत हे शिकवणारी, दंतवैद्य नसलेली व्यक्ती. तिच्यासाठी वेगळी नोंदवही आहे, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्रत्यक्ष दवाखान्यात दिसते ती बहुधा पाहून-पाहून शिकलेली मदतनीस. ती नळी धरते, फोन घेते, नंबर लावते. शिकून आलेलीलाही जागा मिळते ती खुर्चीमागचीच.

नाशिकहून दिंडोरीला येताना म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ लागते. राज्यभरच्या दंत महाविद्यालयांचा कारभार जिथून चालतो, त्याच रस्त्याने पुढे ननाशीकडच्या पाड्यांवर जाऊन पाहावे. बाई तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजते, तिची पूड तर्जनीवर घेते आणि हिरड्यांवर सावकाश घासत उंबऱ्यात बसते. ही मिशरी. तिच्याशिवाय डोके जड होते, पोट साफ होत नाही, असे तिचे म्हणणे. इकडे दातांमागे कीटण साचते, हिरडी सरकते, दात हलू लागतो. मग तो उपटून घ्यायला ती एसटीने तालुक्याला येते. दात साफ केले की ढिले होतात, हे तिने ऐकलेले असते. खरे तर हिरडी आधीच सुटलेली असते. कीटणाचे लिंपण निघाले की ढिलेपणा उघडा पडतो, इतकेच. दाराशी रांग असलेल्या डॉक्टरला हे बसून समजावायला फुरसत नसते. हायजिनिस्टचा पेशाच तो.

द्राक्षाच्या पानावर डावणी रोग दिसल्यावर फवारणीचा पंप शोधणाऱ्याला इथला बागायतदार हसेल. दातांच्या बाबतीत आपण सगळे तेच करतो.

अमेरिकेत आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्याने १९०६ मध्ये आपल्या मदतनीस आयरीन न्यूमनला हे काम शिकवले, तेव्हा त्याच्याच व्यवसायबंधूंनी नाके मुरडली होती. ब्रिटनमध्ये २०१३ पासून रुग्ण दंतवैद्याला आधी न दाखवता थेट हायजिनिस्टकडे जाऊ शकतो. आपल्याकडे त्याच सुमारास सुरू झालेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमानंतरही ती पडद्याआडच राहिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा आला. गाजावाजा झाला तो महाविद्यालयांचा आणि परीक्षेचा.

हायजिनिस्टला मोकळीक दिली तर भोंदूंचे फावेल, ही दंतवैद्यांची भीती अगदीच पोकळ नाही. बाजारात सतरंजी पसरून दात बसवणारे आपण पाहिलेले आहेत. पण त्यांच्याकडे ना नोंदणी होती, ना कामाची हद्द. हायजिनिस्टने दात काढायचा नाही, कोरायचा नाही. गालात पांढरा चट्टा दिसला तर चिठ्ठी देऊन पुढे पाठवायचे. उपकेंद्रातली नर्सबाई डॉक्टर शेजारी नसताना तान्ह्या बाळाला लस टोचते, त्यावर कुणाची हरकत नसते.

दिंडोरीच्या ग्रामीण रुग्णालयात हायजिनिस्टचे एक पद मंजूर करावे आणि आठवड्यातले दोन दिवस तिला ननाशीला पाठवावे. एक मागे झुकणारी खुर्ची, चांगला दिवा, हत्यारे निर्जंतुक करायचे यंत्र एवढे तिला पुरेल. मिशरी घासणाऱ्या बाईने पहिल्याच भेटीत तोंड उघडले नाही, तर दुसऱ्या आठवड्यात हायजिनिस्ट तिथे पुन्हा असेल.