सहल कोणाची?

सहलीचा बेत आखणे हा आपल्या घरांतील एक गंभीर कार्यक्रम असतो. किती वाजता निघायचे, मुक्काम कोठे करायचा, परत कधी फिरायचे, हे घरातील कर्ते पुरुष ठरवितात. पीठ किती घ्यायचे, लोणच्याची बरणी कशात गुंडाळायची, लहानांचे कपडे किती, हे बायका ठरवितात. पहिल्या ठरविण्याला आपण 'बेत' म्हणतो आणि दुसऱ्याला नुसती 'तयारी'. या दोन शब्दांतील अंतराविषयी मला येथे चार गोष्टी लिहावयाच्या आहेत.

अलीकडे चाकांवरच्या घराचे मोठे कौतुक चालले आहे. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. गाडीतच झोपायची सोय, गाडीतच स्वयंपाक, वाटेल तेव्हा निघावे, आवडेल तेथे राहावे, अशी ही कल्पना आहे. आपल्या वऱ्हाडाला मात्र ती नवी वाटू नये. सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाडा-बैतूल रस्त्यावर बहिरमची जत्रा भरते. डिसेंबरात सुरू होणारी ही जत्रा महिनाभर आणि त्याहूनही अधिक चालते. तेथे पूर्वी माणसे बंडी जुंपून, कडबा, पीठ, भांडी, अंथरुणे असा अख्खा संसार घेऊन जात आणि राहुट्या ठोकून राहत. बैलांच्या पायांचा वेग आणि पोरांच्या पोटातली भूक पाहून मुक्काम ठरे. घर चाकांवर चालविण्याची कला आपल्या आजीपणजींना चांगलीच अवगत होती.

प्रश्न एवढाच, की घर चाकांवर चढले म्हणजे घरातली कामाची वाटणी खाली उतरते काय?

मागील पावसाळ्यात आमच्या घरची नऊ माणसे काकांच्या तुफान गाडीतून चिखलदऱ्याला निघाली. मागच्या सीटा काढून गाद्या टाकल्या होत्या. सोबत छोटा सिलिंडर, शेगडी, ताडपत्री. आष्टीहून मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा असा रस्ता धरला. समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवरचे ते गाव, गाविलगडचा किल्ला, भीमकुंड, कॉफीचे मळे, असे सर्व बाबांच्या कागदावर तासांनुसार मांडलेले होते. परंतु धामणगाव गढीच्या वाटेने घाट चढू लागलो तोच पुढे दरड आल्याचे कळले. गाड्या माघारी वळविल्या जात होत्या.

बाबांनी लगेच दुसरा मार्ग सांगितला. घटांगवरून जायचे, तीन तास जास्त लागले तरी चालतील, पण ठरले ते ठरले. तेव्हा आजी बोलली, "मले काही चिखलदरा पाह्याचा नाही. मुक्तागिरी दाखवा." आणि आई, जी सकाळपासून दोन ठिकाणी शेगडी मांडून मोकळी झाली होती, ती हळूच म्हणाली, "मी त घरीही सैपाकच करतो अन् इथंही सैपाकच करतो. मंग सहल कोनाची?"

गाडीत कोणी काही बोलले नाही. मग काकांनी गाडी वळविली.

मुक्तागिरी मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात आहे, परतवाड्याहून जवळच. जैनांचे हे सिद्धक्षेत्र डोंगराच्या कुशीत वसले असून तेथे बावन्न मंदिरे आहेत. पावसाळ्यात मधोमध धबधबा कोसळत असतो. आजी पायऱ्या थांबत थांबत चढली. आई धबधब्यासमोर तासभर नुसती बसून होती. संध्याकाळी परतवाड्यास परतल्यावर काका आणि बाबांनी कणीक मळली. रोडगे उत्तम झाले होते.

यात नवल वाटण्याचे कारण नाही. आमच्याकडे शेतात रोडग्यांचा कार्यक्रम असला म्हणजे गोवऱ्यांची आर लावण्यापासून वरणाला फोडणी देण्यापर्यंत सारे पुरुषच करतात, आणि हौसेने करतात. म्हणजे येत नाही, हा मुद्दाच नाही. बायका सोबत असल्या की ती हौस एकाएकी कोठे जाते, एवढाच मुद्दा आहे.

कोणी म्हणेल, दहा तोंडांनी बेत ठरू लागला तर गाडी आष्टीच्या बाहेरही पडणार नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. घाटात गाडी कोठे थांबवायची, हे मतदानाने ठरत नाही. ते चालविणाऱ्यानेच ठरवावे. जंगलाचे नियमही आपल्या इच्छेवर नाहीत. मेळघाट हा १९७३-७४ सालच्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. तेथे वाटेल तेथे चूल पेटवू देत नाहीत, ते योग्यच आहे. पण कोठे जायचे, किती वेळ बसायचे, आज स्वयंपाक कोणी करायचा किंवा करायचाच नाही, या गोष्टींना ना घाटाची अडचण आहे ना वाघाची. त्यांत ज्याच्या अंगावर काम अधिक, त्याचे मत आधी घ्यावे, असे मला वाटते. दरड कोसळेपर्यंत त्यासाठी थांबण्याची गरज नाही.

हेच मोजमाप सरकारी धोरणालाही लावावे. डोंगरातल्या प्रवासात बायका पाणी कमी पितात, कारण पुढे स्वच्छतागृह मिळेल की नाही, याची खात्री नसते. आलिशान गाड्या येतील तेव्हा येतील. घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर पाणी, दिवा आणि स्वच्छ शौचालय असलेली गाडी उभी करण्याची जागा झाली, तर साध्या तुफानातून निघालेल्या घरालाही सातपुडा सुखाने पाहता येईल.

मित्रमैत्रिणींनो, दिवाळीच्या सुटीत आपल्या घरी बेत ठरेल. कागद-पेन बहुधा आपल्याच हाती येईल, कारण आपण कॉलेजात शिकतो. त्या कागदावर गावांची नावे लिहिण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन एकदा विचारावे, "आई, तुला कुठं जावंसं वाटतं?" उत्तर मिळायला कदाचित वेळ लागेल. हा प्रश्न तिला आजवर फारसा कोणी विचारलेला नसतो.