संशयाची यादी आणि देवळीचे देणे

शत्रूला माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला हुडकून काढणे हे युद्धकाळात कोणत्याही सरकारचे कर्तव्यच असते. दुसऱ्या महायुद्धात स्पेन-पोर्तुगालचे टंगस्टन आणि स्वीडनचे बॉल बेअरिंग जर्मनीच्या कारखान्यांत पोहोचत होते. ते रोखण्यासाठी ब्रिटनने आर्थिक युद्धाचे वेगळे मंत्रालय उभे केले, आणि त्यात काही गैर नव्हते. आक्षेप आहे तो गुप्त माहितीलाच निकाल मानण्याच्या सवयीवर.

अमेरिका युद्धात उतरण्याच्या पाच महिने आधी, 17 जुलै 1941 रोजी, अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने लॅटिन अमेरिकेतील अठराशेहून अधिक व्यक्ती आणि पेढ्यांची काळी यादी जाहीर केली. तिच्यात नाव आले की अमेरिकी माल बंद, पतही संपली. नाव घालण्यापूर्वी संबंधिताला विचारले जात नसे. माहिती येई ती वकिलातींकडून, एफबीआयच्या हस्तकांकडून आणि त्यांना खबर देणाऱ्या स्थानिकांकडून. समोरच्याचे दुकान बंद पडावे असे मनोमन वाटणारा व्यापारीही या खबऱ्यांत असे. अशी खबर तपासायला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणी दिला नाही.

पेरूत याची किंमत केशकर्तनालये आणि किरकोळ दुकाने चालवणाऱ्या जपानी कुटुंबांनी मोजली. लिमातील त्यांची दुकाने 1940 च्या दंगलीत आधीच लुटली गेली होती. नंतर सुमारे अठराशे जपानी माणसे पेरूतून उचलून अमेरिकेतील छावण्यांत नेण्यात आली. कित्येक बायका-मुले टेक्सासमधील क्रिस्टल सिटीच्या कुंपणाआड राहिली. त्यांची पारपत्रे काढून घेतली आणि युद्ध संपल्यावर त्यांनाच बेकायदा घुसलेले ठरवले. पेरूने बहुतेकांना परत घेतले नाही. शेकडो जण उद्ध्वस्त जपानला धाडले गेले. त्यांतल्या मुलांनी तो देश कधी पाहिलाही नव्हता.

त्याच काळात न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल कंपनी जर्मनीच्या आय. जी. फार्बेनशी 1929 पासून करारबद्ध होती. युद्ध पेटल्यावर, सप्टेंबर 1939 मध्ये, दोघांचे प्रतिनिधी हॉलंडमध्ये भेटले आणि अमेरिका युद्धात आली तरी व्यवहार कसा टिकवायचा हे त्यांनी ठरवले. कृत्रिम रबराचे तंत्र या साटेलोट्यात अडकले होते, आणि जपानने मलाया घेतल्यावर अमेरिकेला रबराची चणचण भासू लागली. मार्च 1942 मध्ये हे प्रकरण एकूण 50 हजार डॉलर दंड आणि पेटंट खुली करण्याच्या तडजोडीवर मिटले. कंपनीकडे वकील होते, सरकारशी बोलायला तोंड होते. न्हाव्याकडे यातले काहीच नव्हते.

हे दूरचे म्हणून सोडून देता येणार नाही. चीनने 1962 मध्ये आक्रमण केल्यावर आपल्या सरकारनेही कायदा वाकवला. परकीयांसाठीचे निर्बंध चिनी वंशाच्या भारतीय नागरिकांनाही लागू केले. आसामातील माकूम, शिलाँग, दार्जिलिंग येथून सुतार, चामड्याचे व्यापारी, उपाहारगृहे चालवणारे अशा सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेले गेले. याच देवळीत ब्रिटिशांनी जयप्रकाश नारायण यांना डांबले होते. हेरगिरीच्या आरोपावर या कुटुंबांची कधी सुनावणी झाली नाही. काही जण चार-पाच वर्षांनी सुटले, तेव्हा घर-दुकानाचा लिलाव झालेला होता. अनेकांनी देश सोडला.

पुढच्या युद्धातही याद्या होतील. आज बँक खाती गोठवायला एक आदेश पुरतो, त्यामुळे चूक झाली तर ती कैक पटींनी वेगाने पसरेल. म्हणून ठरावीक मुदतीत न्यायाधीशासमोर पुरावा मांडण्याचे बंधन, गुप्त भाग न्यायाधीशाने तरी पाहण्याची तरतूद आणि चुकीच्या नोंदीबद्दल भरपाई, हे कायद्यात शांततेच्या काळातच लिहून ठेवले पाहिजे. तोफा सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही.

अमेरिकेने पेरूतील जपान्यांशी 1998 मध्ये का होईना, तडजोड केली. माणशी पाच हजार डॉलर आणि माफीनामा. रक्कम तुटपुंजी होती, पण चूक कबूल झाली. देवळीतून सुटलेली मुले आता सत्तरीपुढे गेली आहेत. त्यांच्या हयातीत केंद्र सरकारने त्या काळातील कागदपत्रे खुली करावीत आणि संसदेत उभे राहून त्यांची माफी मागावी.